काजळी कुणाच्या कह्यात?

राजवाड्यासमोरच्या तळ्यात काजळी म्हैस बसली ती बसलीच! आठ शिपाई दोरखंड ओढून घामाघूम झाले, पण ती ढिम्म हलेना.

काठावर गजेंद्रराजे लालबुंद होऊन उभे होते. "भिकू गवळ्या! विकताना काय म्हणालास?"

भिकू मुंडासं सावरत पुढे आला. "कह्यातली हाय म्हनलो, म्हाराज. शेंबडं पोरगंबी हाकून नेईल म्हनलो."

"पंडित! कह्यात असणे म्हणजे काय?"

राजांनी शब्दकोश करायला घेतल्यापासून पंडितांच्या बगलेत सदा पोथी असे. त्यांनी झटकन पान काढलं. "दोरी ओढणाऱ्याच्या मागे निमूट जाणे, महाराज!"

"ऐकलंस? राजाला फसवतोस? चालता हो माझ्या राज्यातून!"

भिकूची लेक राही शेजारीच होती. गाव सुटणार हे तिला कळलं, पण तिची नजर म्हशीच्या आसपास काहीतरी शोधत होती. "म्हाराज, हिची पारडी कुठाय?"

"पारडी? दूध देते ती म्हैस! पारडी आणून काय करू? राहू दिली तुमच्याच गोठ्यात."

राहीला हसू आवरेना. नुकती व्यालेली म्हैस आणली आणि तिचं रेडकू मागे ठेवलं! एवढ्या मोठ्या दरबारात गोठा पाहिलेलं एक माणूस नसावं?

"मी नेते काजळीला वाड्यात," ती म्हणाली.

"ने की! पण दोरी नाही, काठी नाही, चाऱ्याची काडी नाही. तिला हातही लावायचा नाही. जमलं नाही तर बापाबरोबर तूही चालती हो!"

"चालंल जी!"

राही धावत घरी गेली आणि पारडी घेऊन आली. पारडी काठावर येऊन एकदाच केविलवाणी ओरडली. काजळी खडबडून उठली, चिखल उडवत बाहेर आली आणि पारडीमागोमाग थेट वाड्याच्या चौकात शिरली. शिपाई बघतच राहिले.

राजे मात्र हट्टाला पेटले. वाड्यात येऊन सदरेवर बसत म्हणाले, "ही लबाडी झाली! म्हैस आहे म्हणून भुलली. दोरीशिवाय कह्यात राहणारा शहाणा प्राणी दाखव, तर मानीन!"

भिकूने कपाळावर हात मारला. राहीने इकडेतिकडे पाहिलं. राजांची चार वर्षांची लेक मैनाराजे केव्हाच पारडीच्या गळ्यात पडली होती.

"बाळराजे, पारडीला तळं दावायचं का?"

"चला!" म्हणत मैनाराजे पारडीला घेऊन तळ्याकडे निघाल्या. राहीने त्यांचं बोट घट्ट धरलं.

"मैना, थांब!" राजे सदरेवरून ताडकन उठले. "पाणी खोल आहे, बाळा! राही, जपून गं!" जोडे सदरेवर राहिले, पागोटं चौकात पडलं, आणि राजे अनवाणी धावत सुटले ते घोटाभर चिखलात येऊनच थांबले. लेकीला कडेवर घेऊन त्यांनी शेजारी पाहिलं, तर पारडीमागे आलेली काजळीही तिथेच उभी!

राहीने हात जोडले. "म्हाराज, काजळी आली पारडीमागं, तुमी आला बाळराजांमागं. दोरी कुनाला लावली व्हती?"

राजांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग म्हशीच्या पायांकडे. दोघांचेही सारखेच बरबटलेले! त्यांना असं हसू फुटलं, की कडेवरच्या मैनाराजेही गदागदा हलायला लागल्या.

"जिंकलीस, पोरी! भिकू, आजपासून वाड्याचा रतीब तुझ्याकडे. काजळी पारडीसह तुझ्याच गोठ्यात राहील. आणि राही, हा घे माझा कंठा! पंडित, तो जुना अर्थ खोडा. लिहा, जिथे जीव गुंतला, तिथे आपण होऊन जाणे, म्हणजे कह्यात असणे."

पंडितांनी लेखणी बुडवली. "आणि उदाहरण कोणाचं देऊ, महाराज?"

"म्हशीचं द्या!" राजे पोट धरून हसत ओरडले. "माझं नाव घातलंत, तर याद राखा!"