खवय्या आणि शेवटचं शीत

फार पूर्वी, गलबतं नुसत्या वाऱ्यावर चालायची तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात एक खवय्या राहत असे. मिरीचे दाणे चाखून त्यांची पारख करणं हा त्याचा धंदा आणि जेवणं ही त्याची आवड. तो जेवून उठला की त्याचं केळीचं पान इतकं लख्ख असायचं की गावातले टवाळ म्हणत, "याच्याच पानावर दुसऱ्याला वाढा, धुवायलाही नको."

खवय्याला त्याचा राग येत नसे. आईने त्याला लहानपणीच सांगितलं होतं, "पानात टाकू नये, बाळा. टाकलेलं शीत रात्रभर रडतं." तेव्हापासून त्याने एकही शीत रडू दिलं नव्हतं. याचा त्याला थोडा अभिमानही होता.

एका वर्षी मिरीचे व्यापारी त्याला बरोबर घेऊन समुद्रापलीकडे, पूर्वेच्या देशात गेले. वारा फिरेपर्यंत गलबत बंदरातच थांबणार होतं. खवय्याला आणखी काय हवं होतं? बंदरावरच्या खाणावळीत त्याने गवती चहा घातलेलं माशाचं कालवण खाल्लं. मोदकासारखे वाफवलेले, पण आत तिखट सारण असलेले उंडे खाल्ले. नारळाच्या रसात बुडवलेल्या तांदळाच्या शेवया पाहून तो म्हणाला, "ही तर आमची शिरवाळी. फक्त तुम्ही गुळाच्या जागी मिरची घातलीत."

खाणावळवाला हसला आणि त्याने वाटी पुन्हा भरली. वाटी रिकामी दिसली की तो भरायचा. खवय्याला वाटलं, किती भले लोक आहेत. आग्रह करण्यात आमच्या मामीलाही मागे टाकतील.

"खरा भात खायचा तर वर डोंगरात जा," खाणावळवाल्याने सांगितलं. "इथला भात पोट भरतो, तिथला लक्षात राहतो."

खवय्या डोंगर चढला. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं होती आणि त्यांच्या वरच्या अंगाला एक घर होतं. तिथे एक म्हातारा आणि त्याची सून राहत होती. दारात बदकं कलकलत होती. घरात शिरताना खवय्याचं डोकं चुलीवरच्या आडव्या बांबूला लागलं. बांबूला भाताच्या लोंब्यांच्या जुड्या टांगलेल्या होत्या.

"जपून," म्हातारा म्हणाला. "पुढच्या वर्षाचं शेत आहे ते."

सुनेने वाटीभर भात आणि रानभाजी आणून ठेवली. खवय्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. भात नुसता खाल्ला तरी गोड लागत होता. त्याने वाटी पुसून रिकामी केली. सुनेने ती भरली. त्याने पुन्हा रिकामी केली. तिने पुन्हा भरली.

"पुरे, ताई," तो म्हणाला.

"घ्या हो, लाजू नका," ती म्हणाली.

'पुरे' म्हटल्यावर जो थांबतो तो कसला यजमान, हे खवय्याला घरूनच माहीत होतं. त्याने तीही वाटी संपवली. पोट ढोलकीसारखं ताणलं, पण शीत टाकलं नाही. त्याचं उरकल्यावर घरची दोघं जेवायला बसली. दोघंही उकडलेले कंद खात होती. खवय्याला वाटलं, या लोकांना कंद आवडत असावेत.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी उखळात भात कांडल्याच्या आवाजाने त्याला जाग आली आणि तो अंथरुणातच खूश झाला. जेवताना मात्र त्याच्या जिभेने काहीतरी वेगळं टिपलं.

"आजच्या भाताला धुराचा वास आहे," तो म्हणाला. "मोठा खमंग लागतो. काय केलंत?"

सुनेची नजर चुलीवरच्या बांबूकडे गेली, म्हणून त्याचीही गेली. बांबू अर्धा मोकळा होता.

खवय्याचा घास हातातच राहिला.

"बियाणं शिजवलंत?"

"घरातला तांदूळ काल संपला," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुझी भूक संपली नव्हती."

"पण बाबा, मी पुरे म्हणत होतो."

"पुरे तर सगळेच म्हणतात. तोंडाचं कोण ऐकतं? आम्ही वाटीकडे बघतो. रिकामी वाटी म्हणजे भुकेलं पोट. पाहुण्याला भुकेलं उठवलं तर या घराच्या चुलीला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." मग तो सुनेला म्हणाला, "बघतेस काय, उरलेल्या जुड्या उतरव. वाटी संपत आली त्याची."

हातातला तो एकच घास उरला होता. सून उठली. तिचा हात बांबूपाशी पोचला.

खवय्याला आईचा आवाज ऐकू आला. आजवर त्याने पानात काही टाकलं नव्हतं. तेवढं एकच पुण्य आपल्या गाठीशी आहे, असं तो समजत होता. तो घास खाल्ला असता तर त्याचा नेम टिकला असता आणि या घराचं पुढचं वर्ष गेलं असतं.

त्याने हातातला घास वाटीत परत ठेवला आणि वाटी पुढे सरकवली.

"भरलं पोट," तो म्हणाला.

सुनेने वळून वाटीकडे पाहिलं. ती मटकन खाली बसली. "देवा रे," ती म्हणाली, "तीन दिवस मला वाटतंय, माझ्या हाताला चवच नाही, म्हणून पाहुण्याचं पोट भरत नाही."

"आणि मला वाटतंय, तुम्ही मला सोडत नाही."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. सुनेने उरलेला घास उचलून दाराबाहेर टाकला आणि बदकं त्यावर तुटून पडली. उष्टं त्यांच्याच वाट्याचं असतं, आणि ती शेतातले किडे वेचून त्याची परतफेड करतात, हे खवय्याला तेव्हा कळलं. बदकं तीन दिवस दारात का कलकलत होती, हेही कळलं.

पण हसण्याने शेत पेरलं जात नाही. पायऱ्यांपैकी निम्म्या ओसाड राहणार होत्या. खाली बंदरात वारा फिरला होता आणि गलबताने शीड उभारलं होतं. खवय्याने वरूनच ते जाताना पाहिलं, पण तो डोंगर उतरला नाही.

त्या देशात आणखी एक रीत होती. तृप्त पाहुण्याने काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. खवय्या उतारावरच्या घराघरात जेवायला गेला. प्रत्येक घरी एक घास मागे ठेवला आणि प्रत्येक घरी बियाण्याची एक जुडी मागितली. कुणी काळ्या भाताची दिली, कुणी तांबड्या, कुणी बुटक्या, कुणी वासाच्या. त्या वर्षी म्हाताऱ्याचं शेत गोधडीसारखं ठिगळाठिगळांचं उगवलं. कापणी होईपर्यंत खवय्या तिथेच राबला.

पुढच्या वाऱ्यावर तो घरी परतला. आईने पान मांडलं. वरणभात, वालाचं बिरडं, तळलेली मिरची. तो पोटभर जेवला, पण शेवटी त्याचा हात थांबला. पानात एक घास तसाच राहिला.

आईच्या कपाळाला आठी पडली. "तिकडे जाऊन हेच शिकलास? की आमचं जेवण आता गोड लागत नाही?"

"गोड लागतं गं. पण आधी तुझं पातेलं बघू दे."

"पातेल्यात काय बघायचंय? बस खाली."

तो उठून चुलीपाशी गेला. पातेल्याच्या तळाशी करपलेली खरवड होती. बाकी काही नव्हतं.

"तू काय जेवणार?"

"मला खरवडच आवडते," आई म्हणाली. "तुला माहीत आहे ना?"

खवय्याला ते लहानपणापासून माहीत होतं. त्याला कंदांची आठवण झाली. त्याने चुलीत काटकी सारली, मूठभर तांदूळ धुतले आणि पातेलं पुन्हा वर चढवलं. भात होईपर्यंत तो आईजवळ बसून राहिला. मग त्याने तिला आधी वाढलं, आणि आपल्या पानातला तो घास तिच्याबरोबर बसून संपवला.

तात्पर्य: आपलं पान पुसण्याआधी वाढणाऱ्याच्या भांड्यात डोकावावं.