आठवी बांगडी

एकदा एका निवृत्त शिक्षकाला सत्तरीत काचेचे मणी घडवण्याचे वेड लागले. वेडाला कारण होते. पत्नीला शस्त्रक्रियेसाठी नेताना तिच्या हातातल्या आठ हिरव्या बांगड्या उतरवून त्यांच्या ओंजळीत दिल्या गेल्या, आणि त्या परत चढवण्याची वेळ आलीच नाही. त्या वितळवून मणी करावेत, ते लेकीने गळ्यात घालावेत, एवढीच इच्छा होती. त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर गॅसची छोटी बत्ती बसवली. रिकाम्या घरात तिच्या ज्योतीचा फरफर आवाज त्यांना सोबतीसारखा वाटे.

मणी जमायचा. तो फरशीवर ठेवून मास्तर बत्ती बंद करीत, ओटा पुसायला घेत, आणि तेवढ्यात मण्याला तडा जाई. सात बांगड्या अशा गेल्या. आठवी घेऊन ते गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध मणी-कारागिराकडे गेले आणि बांगड्या कुणाच्या, मणी कसे फुटले, ते त्याला सांगितले.

वृद्धाने सळईवर काच गुंडाळून मणी गोल केला आणि मास्तरांना नीट दिसण्याआधीच गरम राखेत पुरून टाकला. मग दाराला आतून कडी घातली आणि संध्याकाळपर्यंत उठायचे नाही, असे बजावले. मास्तर गोंधळले. काम झाले की उठायचे, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. वृद्धाने पत्नीविषयी विचारले, तेव्हाही त्यांनी थोडक्यातच सांगितले: तेरावा झाला, चौदाव्या दिवशी साड्या वाटून टाकल्या, विचारणाऱ्यांना 'मी बरा आहे' असे सांगितले. पुढे कुणी विचारले नाही.

वृद्ध म्हणाला, "काच वरून लवकर निवते, मास्तर. आत ती बराच वेळ तापलेलीच असते. त्या ओढाताणीत मणी फुटतो. राख वेगळं काही करत नाही, फक्त सावकाश निवू देते. तुम्ही मणी फरशीवर ठेवलेत, तसंच स्वतःलाही ठेवलंत. मला आज दुसरं काम नाही. कशा होत्या वहिनी?"

मास्तर मांडी घालून नीट बसले. मग म्हणाले, "चहात साखर फार घालायची. मी रोज बोलायचो तिला त्यावरून." आणि त्यांना रडू कोसळले, वर्षभरात पहिल्यांदा.

दिवेलागणीला मणी राखेतून अखंड निघाला. मास्तरांनी तो हातात घेतला, पण पाहिला बऱ्याच उशिरा. त्यांचे सांगणे अजून संपले नव्हते.