खपलीचं कुळ

फार पूर्वी, बुरशी आणि अळंब्यांना बोलता येत होतं तेव्हा, एका पडलेल्या ऐनाच्या खोडावर कुळं ठरवायची सभा भरली. ज्याला कुळ नाही त्याने खोड सोडायचं, असं ठरलं.

बुडाशी पसरलेली खपली बुरशी हे ऐकून धास्तावली. तिला ना दांडा, ना छत्री. सांडलेल्या चुन्यासारखी ती लाकडाला चिकटून असायची.

"बाई, तू दगडफुलांत जा," सभेचे प्रमुख छत्रीअण्णा म्हणाले. त्यांची छत्री साऱ्या रानात मोठी होती.

"आमच्यात कशाला?" दगडफूल म्हणालं. "आम्ही लाकूड खात नाही. ही तर सभा चालू असतानाही खातेय."

खपली हळूच म्हणाली, "अण्णा, तुम्हीही खाताच की. आपल्या दोघांच्या खालचं लाकूड बघा, सारखंच पांढरं आणि पिंजलेलं आहे."

"छत्री नाही, तो आमचा नाही," अण्णा म्हणाले. "हवं तर गोगलगायीला विचारू. तिचा जन्म अळंब्यांत गेलाय."

गोगलगाय आली. "चव घेतल्याशिवाय नातं कसं सांगू?" म्हणत तिने खपलीचा एक घास घेतला, मग छत्रीचा. खात्री करायला छत्रीचा आणखी एक, मग आणखी एक. छत्री संपल्यावर ती तोंड पुसत म्हणाली, "एकाच घरचे आहात."

उघड्याबोडक्या दांड्याकडे बघत दगडफुलाने विचारलं, "अण्णा, मग आता तुम्ही कुठल्या कुळातले?"

तेव्हा खपली जराशी सरकली. "या अण्णा," ती म्हणाली, "माझ्याशेजारी जागा आहे."