फुटक्या काठाची कुंडी

एका विद्यापीठाची हिरवाई तपासायला समिती आली होती, तेव्हाची गोष्ट. कुंड्या होत्या बाराच. समिती एक इमारत बघून चहाला बसली, की शिपाई गेणूभाऊ त्याच कुंड्या मागच्या वाटेने पुढच्या इमारतीत मांडायचे.

तिसऱ्या इमारतीत एक कुंडी घाबरून म्हणाली, "माझा काठ फुटलाय. ओळखतील मला."

"मी पानांनी झाकतो," तिच्यातला मोगरा म्हणाला. "पण तहान लागलीये गं. पाणी कधी घालतील?"

"समिती गेली की."

समितीने कुणालाच ओळखलं नाही. विद्यापीठाचा पहिला क्रमांक आला. कुंड्या शेवटच्या इमारतीच्या दारातच राहिल्या.

आठवड्याभरात मोगऱ्याची पानं गळाली, फुटका काठ उघडा पडला. आता तरी कुणी ओळखावं म्हणून कुंडी वाट बघत होती. पण येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, "ही आमच्या विभागाची नाही."