साळूबाईचा फोटो

जनावरं हौसेने घरातल्या घरात फोटो काढून घेत, त्या काळची गोष्ट. भुऱ्या मुंगसाने नवाकोरा कॅमेरा आणला आणि साळूबाई साळिंदरीला तिच्या अंधाऱ्या बिळातच बसवलं. फोटो दूर सासरी असलेल्या लेकीला धाडायचा होता.

फोटोत काटे एकेक मोजता यावेत असे स्पष्ट आले, तोंड मात्र धूसर. काटेच फार दिसतात म्हणून भुऱ्याने एडिटिंगमध्ये ते पुसले, गालही गुळगुळीत केले.

"ही कोण रे घूस?" साळूबाई फिस्कारली. "माझ्या लेकीने हिला आई म्हणायचं?"

भुऱ्याचं तोंड उतरलं, पण तो हटला नाही. त्याने तिला बिळाच्या तोंडाशी, उजेडाकडे वळवून बसवलं. फोकस थेट तिच्या डोळ्यावर धरला आणि श्वास रोखून बटण दाबलं. नंतर पुसलं ते फक्त तिच्या डोक्यामागे लोंबणारं झाडाचं मूळ.

आठवड्याने लेकीचा निरोप आला, "आई, तुझा फोटो भिंतीवर लावलाय. काल धाकट्याने रताळं चोरलं, तुझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं."

साळूबाईने ऐटीत सगळे काटे फुलवले.

"भुऱ्या, आता आणखी एक काढ. आणि एक काटा जरी पुसलास, तर बघ!"