तुळाजी नावाड्याचे गाऱ्हाणे

हे चराचरात भरून राहिलेल्या नारायणा, शहाण्याच्या ओठी तूच आहेस आणि भ्रमिष्टाच्या डोळ्यांतही तूच आहेस. तुझ्या चरणी माथा ठेवून ही कथा सांगतो. ऐकणाऱ्यांनी मन मऊ करून ऐकावी.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि माणसे नावाड्याच्या भरवशावर सासरी-माहेरी जात, तेव्हा वेळकोंड गावात तुळाजी नावाचा नावाडी राहत असे. घरात थोरली बहीण आनशी. ती बालविधवा, आईमागे भावाला तिनेच वाढवले होते.

तुळाजीचे मन चारचौघांसारखे एका पातळीवर राहत नसे. काही महिने त्याला ना झोप ठाऊक, ना थकवा. तो गात वल्हवी आणि भर वाऱ्यात होडी घाली. एकदा वऱ्हाड भोवऱ्यात सापडले, तेव्हा त्याने भजनाचा सूर लावला आणि होडीखालचे पाणी विरजलेल्या दह्यासारखे थिजून राहिले, असे म्हणतात. त्या दिवसांत बायका आपली लेकरे त्याच्या पायांवर घालीत.

मग दिवस फिरत. तुळाजी भिंतीकडे तोंड करून पडे. पेजेचा घोट गिळणेही त्याला डोंगर उचलण्याइतके जड होई. आनशी त्याचे डोके मांडीवर घेऊन पळीपळीने भरवी आणि वाट पाही. दर खेपेस तो कधीतरी उठे. पण धक्क्यावर खोळंबलेल्यांना तेवढा धीर कुठला? कुणीतरी दारातून म्हणे, "तुळ्या, लग्नांत गायलास, आता आमच्या मयताला तरी ऊठ रे." बाकीचे हसत. ज्याच्या पायांवर लेकरे घातली होती, त्याच्याच दारावरून ती पदराखाली झाकून नेत.

एका वर्षी तो फार खोल गेला. त्याच वर्षी खाडीतली मासळी आटली. गावाने दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि ती ग्रामदेवापुढे नेली.

वेळकोंडची रीत अशी, की देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची एकेक ओली पाकळी लावायची. मग गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि त्याच्या प्रत्येक बोलाला गावाने "होय महाराजा" म्हणून साथ द्यायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. भिवा गुरवाने विचारले, "महाराजा, तुळाजीला पीडा आहे का?"

उजवी पाकळी पडली.

ही पीडा बाहेरची आणि मासळी तिनेच आटवली, असे गावाने धरले. आनशीने गावाच्या पाया पडून विनवले, की तो आजारी आहे, दसऱ्यापर्यंत थांबा, तो उठेल. कुणी थांबले नाही. त्याला खाडीतल्या कांदळवनाच्या बेटावर नेऊन, खोपी बांधून तीत ठेवायचे ठरले. पण त्या ओढीत होडी घालणारा गावात दुसरा कोण होता? शेवटी त्यालाच उठवले. महिनाभर ज्याने हात हलवला नव्हता, तो मुकाट्याने होडीत बसला आणि भिवा गुरवासह चौघांना घेऊन स्वतःच स्वतःला वल्हवत बेटावर गेला. त्याने आपले एक जुने वल्हे काठीसारखे टेकायला ठेवून घेतले. पाण्याची ओढ ओसरल्यावर चौघे कशीबशी होडी वल्हवत परत निघाले, तेव्हा तो एवढेच बोलला, "भिवादादा, डाव्या अंगाला गाळ आहे. सांभाळून जा."

आनशी रोज ओहोटीला कमरेएवढ्या चिखलातून पेज घेऊन जाई. एके दिवशी खोपीत तुळाजी नव्हता. काठावर त्याचे वल्हे उभे रोवलेले होते. पाण्याने त्याला नेले, की त्याने स्वतःला पाण्याच्या स्वाधीन केले, की देवच होडी घेऊन आला, हे कुणाला कधी कळले नाही. आनशीने पेज तिथेच वल्ह्याच्या बुडाशी ओतली. पुढे त्या सुक्या लाकडाला पाने फुटली, असे म्हणतात.

त्यानंतर देव अबोल झाला. पेरणीचा कौल लावला, पाकळी पडेना. लग्नाचा लावला, पडेना. पाकळ्या वाळल्या, काळ्या पडल्या, तरी पाषाणाला चिकटून राहिल्या. कौलाविना गावात नांगर धरत नसत. शेते पडीक राहिली, आणि भिवा गुरवाची वाचा गाऱ्हाणे घालताना अडखळू लागली.

एका सोमवारी सारे गाव देवळात बसले असताना आनशी उठून पुढे आली. बाईमाणसाने गाऱ्हाणे घालण्याची रीत नव्हती. कुणीतरी हटकले, पण भिवा गुरवाने हात वर करून त्याला थांबवले आणि स्वतः बाजूला झाला.

ती म्हणाली, "महाराजा, माझ्या भावाला पीडा होती. तू खरेच सांगितलेस."

गाव गप्प.

"पीडा आहे का, एवढेच यांनी तुला विचारले. आता काय करू, हे विचारले नाही. बेट तू दाखवले नाहीस महाराजा, यांनी शोधले."

गाव गप्प.

"तो गात होता तेव्हा यांचा होता. निजला तेव्हा माझ्या एकटीचा झाला."

भिवा गुरवाने डोळे मिटले आणि तुटक आवाजात म्हटले, "होय महाराजा." मागून एका म्हातारीने म्हटले. मग ज्या बायकांनी लेकरे पदराखाली झाकली होती, त्यांनी म्हटले. मग सर्वांनी. कुणी पाषाणाला हात लावला नाही, वारा नव्हता, आणि दोन्ही पाकळ्या एकदम गळून पडल्या, असे म्हणतात. गावाला देवाचा बोल परत मिळाला. आनशीला भाऊ मिळाला नाही. ती मरेपर्यंत ओहोटीला बेटावर जात राहिली.

आजही वेळकोंडला कुणाच्या मनाच्या आजारावर कौल लावत नाहीत. घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडले, तर शेजारची माणसे पाळीपाळीने पेज घेऊन येतात आणि काही न विचारता उशाशी बसतात. आणि कोणतेही गाऱ्हाणे असो, गुरव आधी म्हणतो, "महाराजा, जो उठत नाही, त्याच्यापाशी आम्ही बसू." गाव म्हणते, "होय महाराजा."

तो कृपाळू देव ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी बसो. ज्या घरात कुणाचे मन अंधारले असेल, त्या घरी पेज घेऊन येणारे पाऊल वळो, आणि कोणत्याही उंबऱ्याआतले माणूस बेटावर एकटे न राहो.