मोहोर लावलेला नगारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गडावर नगारखाना होता. पूर आला की तिथला नगारा वाजे, आणि खालच्या वाडीतली माणसं गुरंढोरं घेऊन टेकडीवर चढत.

ते जुने दिवस म्हाताऱ्या नगारच्याला पुढे जन्मभर आठवत राहिले. पहाटे शेगडी पेटायची. नगाऱ्याचं कातडं शेकायचं, ते ताणणाऱ्या चामडी वाद्या ओढायच्या, टिचकी मारून कान द्यायचा. धुराचा आणि कातड्याचा वास नगारखानाभर दरवळायचा. वाद्या ओढायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी, त्यावरून रोज भांडण.

"मामा, तुमचा नगारा पेंगतो," त्याचा जावई म्हणायचा. तोही नगारचीच.

"आणि तुझा कोकलतो. घरी माझ्या लेकीसमोर कोकलून बघ एकदा."

मग एके दिवशी राजा गडावर आला. जावयानं हौसेनं वाद्या नको तितक्या आवळल्या आणि पहिल्याच टोल्याला कातडं फाटलं. साऱ्या दरबारासमोर म्हाताऱ्याची मान खाली गेली. रागाच्या भरात तो म्हणाला, "महाराज, वाद्यांच्या गाठींवर मोहोर लावा. जो ती तोडेल, त्याला पुन्हा नगाऱ्याला हात लावू देऊ नका."

फाटलेलं कातडं बदलता येतं. पण एका चुकीवर दहा बंधनं घालायची हौस अधिकाऱ्यांना त्या काळीही होतीच. लाखेच्या मोहोरा लागल्या. आगीचा धोका नको म्हणून शेगडीही विझली. शिक्का आपल्याकडे राहील, असं म्हाताऱ्याला वाटलं होतं. पण शिक्का गेला राजधानीतल्या दरोग्याकडे, अशा अधिकाऱ्याकडे ज्यानं उभ्या आयुष्यात नगाऱ्याची टिपरी हाती धरली नव्हती.

श्रावणात झड लागली. दमट हवेत कातडं सैल पडलं. मोहोर काढून कातडं शेकू द्या, असा म्हाताऱ्यानं राजधानीला निरोप धाडला. दरोग्याचं उत्तर आलं, "विचार चालू आहे." पुन्हा धाडला. विचार चालूच होता.

एका दुपारी नदी काठ सोडून वाडीकडे वळली. जावयानं नगारा बडवला. भद्द, भद्द. आवाज गडाचा दरवाजाही ओलांडेना. खाली लेकीच्या घरातून चुलीचा धूर निवांत वर येत होता.

"मामा, मी तोडतो मोहोर."

"तुझ्या हातांना अजून पुष्कळ वाजवायचंय. बाजूला हो."

म्हाताऱ्यानं दातांनी लाख फोडली. शेगडी पेटवली, कातडं शेकलं, वाद्या आवळल्या आणि टोला हाणला. सारं खोरं दणाणलं. वाडी टेकडीवर चढली. लेकही चढली, गाईला ओढत. पण मधे गेलेल्या वेळात निम्मी गुरं वाहून गेली होती.

पूर ओसरल्यावर राजा आला. "मोहोर कुणी तोडली?"

"मागितली मीच महाराज, तोडलीही मीच."

राजानं खालच्या रिकाम्या गोठ्यांकडे पाहिलं. मग त्यानं शिक्का दरोग्याकडून काढून नगारखान्यात ठेवायला लावला. शेगडी पुन्हा पेटली. "तुम्हीही वाजवा," तो म्हाताऱ्याला म्हणाला.

म्हाताऱ्यानं टिपरी जावयाच्या हातात दिली. "तोडणाऱ्यानं नगाऱ्याला हात लावायचा नाही, हा शब्द माझाच होता."

त्यानंतर रोज पहाटे तो बाहेरच्या पायरीवर धुराचा वास घेत बसे आणि आतल्या जावयाला सांगे, "उजवीकडची वादी सैल आहे रे."

तात्पर्य: कुलूप लावायचं तर जरूर लावा, पण किल्ली काम करणाऱ्याच्या हाताशी ठेवा.